चुना न धरणारं घर

हातोडा अँसेल्मोच्या जहाजाच्या कुशीतून आरपार गेला, तेव्हा देओलिंदा आपल्या डेकवर चादरी वाळत घालत होती. मोठा आवाज झालाच नाही. चिखलात बूट रुतावा तसा 'पच्' झाला, आणि खाली होडीत उभा असलेला लिस्बनचा कप्तान हातोडा बाहेर ओढायला लागला. हातोड्याबरोबर ओंजळभर गंज आला.

अँसेल्मो वर कठड्याला टेकून हे सगळं बघत होता. स्वतःच्या घराला भोक पडलेलं बघून एवढा खूश झालेला माणूस अख्ख्या ओर्ता बंदरात दुसरा सापडला नसता.

"ऐकलंत का, वहिनी?" पाण्यावरून त्याने हाळी दिली. "माझं जहाज कुजकं निघालं. संध्याकाळी या दोघं, साजरं करू."

"तुझं काय, तू रोजच साजरं करतोस," देओलिंदा म्हणाली आणि चादरीला चिमटा लावला. मग त्याच चादरीला आणखी दोन लावले. आता उरलं होतं ते एकच जहाज, आणि त्यावर ती राहत होती.

बंदरातली ही दोन्ही जहाजं म्हणजे नांगरून ठेवलेली कोळशाची कोठारं. आगबोटी येत, कुशीला लागत, कोळसा भरून घेत आणि निघून जात. कोठार सांभाळायला एक माणूस लागे, आणि माणूस म्हटला की त्याची बायको, कोंबड्या, मिरचीची कुंडी हे सगळं ओघाने आलंच. पण लढाई लागली, पाणबुड्या आगबोटी बुडवायला लागल्या, आणि जगात जहाजंच पुरेनात. तेव्हा कुणाला तरी आठवलं, की बंदराबंदरांतून ही जुनी लोखंडी शिडाची जहाजं पडून आहेत. तळ शाबूत असेल त्याच्यावर पुन्हा डोलकाठ्या चढवायच्या आणि सोडायचं समुद्रात. लिस्बनच्या कंपनीने कप्तान विदालला त्यासाठीच फायाल बेटावर, ओर्ताला पाठवलं होतं. पहिला दिवस अँसेल्मोचा होता, दुसरा देओलिंदाचा.

संध्याकाळी ती आणि तिचा नवरा जसिंतो जेवायला बसले. मक्याची भाकरी, कोबीचं कढण, तळलेले बांगडे. जसिंतोने भाकरी मोडली आणि नुसतीच हातात धरून ठेवली.

"पास झालं तर एर्मेलिंदाकडे जावं लागेल," तो म्हणाला. एर्मेलिंदा ही त्याची धाकटी बहीण, खाडीपलीकडे पिकू बेटावर राहणारी. तिच्या घरामागे एक खोली होती. खोलीच्या एका बाजूला डुकरं, आणि दुसऱ्या बाजूला एर्मेलिंदाची जीभ.

"डुकरांचं काही नाही," देओलिंदा म्हणाली.

"ती माझी बहीण आहे."

"म्हणून तर डुकरांचंच बोलले. ऐक. उद्या तो कप्तान येईल, ठोकेल, ऐकेल, जाईल. तू तोंड उघडायचं नाहीस. ही बाजू अशी, ती बाजू तशी, मी असं केलं, मी तसं केलं, काही नाही. तुला सवय आहे, कुणी विचारलं नाही तरी जहाजाचं कौतुक सांगायची."

"मी कधी सांगतो?"

"पाद्रीसाहेबांना सांगितलंस. पापांची कबुली द्यायला गेला होतास तेव्हा."

जसिंतोने कढणाचा वाडगा पुढे ओढला. त्याने भाकरी खाल्ली.

जहाजाचं कौतुक खरं तर सांगण्यासारखं होतंच. स्कॉटलंडमध्ये बांधलेलं, ऑस्ट्रेलियाची लोकर आणि कलकत्त्याचा ताग वाहिलेलं, म्हाताऱ्या खलाशांच्या मते ऐन भरात आगबोटींना मागे टाकणारं. मग इंग्रजांना ते जुनं वाटलं, त्यांनी नॉर्वेकरांना विकलं. नॉर्वेकरांनी त्यात लाकडं भरली. एका वादळात डोलकाठ्यांचे शेंडे गेले, सुकाणू गेलं, आणि ते लंगडत लंगडत ओर्ताला लागलं. दुरुस्तीचा खर्च जहाजापेक्षा जास्त होता, म्हणून तिथेच विकलं गेलं आणि त्याच्या पोटात कोळसा पडला. देओलिंदाला यातलं काहीच फारसं महत्त्वाचं वाटत नसे. घराने तरुणपणी काय काय केलं, हे कुणी विचारतं का? लग्न होऊन ती इथे आली. कप्तानाच्या खोलीत, त्या नक्षीच्या लाकडी भिंतींमध्ये तिची मुलगी जन्मली, रांगली, मोठी झाली आणि अमेरिकेला गेली. इतर बायकांची घरं हलत नसत, हिचं हलायचं. फरक एवढाच.

आणखी एक फरक होता, आणि तो तिला पहिल्याच वर्षी कळला होता. पवित्र आत्म्याच्या सणाआधी बेटावरची प्रत्येक बाई घराला चुना लावते. कितीही गरिबी असो, भिंती पांढऱ्या हव्यात, नाहीतर मिरवणुकीने घरोघरी येणारा सणाचा मुकुट आपल्या दारावरून पुढे जाईल आणि शेजारणी मागे राहून बघतील. नवी नवरी देओलिंदा बादलीभर चुना घेऊन जहाजाच्या पोटात उतरली, कोळसा संपून पोट रिकामं होतं तेव्हा, आणि लोखंडी भिंती रंगवून काढल्या. आठ दिवसांत सगळा चुना उन्हात भाजलेल्या कातडीसारखा सुटून खाली आला. मासळीबाजारात बायका हसल्या. जसिंतो हसला नाही. त्याने तिला सिमेंटचं पातळ दूध कालवायला शिकवलं. ते लोखंड धरतं.

तेव्हापासून दर वर्षी सणाआधी, नवा कोळसा यायच्या आत, ती आणि जसिंतो खाली उतरत. आधी खरवडायचं, मग घासायचं, मग ब्रशने दूध लावायचं. कोळशाच्या कोठाराला आतून रंग लावणारी बाई म्हणून तिची चेष्टा होई. अँसेल्मो तर म्हणे, "वहिनी, कोळशाला पावडर लावताय का?" स्वयंपाकघराच्या खाली एक जागा होती, तिथे चुलीच्या उबेने लोखंडाला घाम यायचा. तिथे ती दोन हात जास्त द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी कप्तान विदाल आला. हडकुळा, पांढऱ्या मिशांचा, आणि ठोकताना मान एका कानाकडे झुकवणारा. सकाळभर होडीतून बाहेरच्या बाजूने फिरला. ठोका पडला की जहाज आतून 'ठण्ण' म्हणायचं. प्रत्येक 'ठण्ण'बरोबर जसिंतोची छाती फुगायची, आणि देओलिंदा त्याच्याकडे बघायची, की ती बसायची.

"जुनं घडीव लोखंड," विदाल वर येता येता म्हणाला. "आताचं पोलाद असतं तर केव्हाच विरघळलं असतं. एक जागा मात्र बाहेरून मुकी वाटली. आतून बघू."

पोट तेव्हा जवळजवळ रिकामंच होतं. कोळसा घ्यायला आगबोटीच येत नव्हत्या. देओलिंदाने कंदील धरला. जसिंतो मागे, ओठ मिटून. विदाल ठोकत ठोकत स्वयंपाकघराखाली आला.

'थप्.'

त्याने वीतभर बाजूला ठोकलं. 'थप्.' खाली. 'थप्.'

त्याने वाकून भिंतीला कान लावला, आणखी एकदा ठोकलं. मग त्याने पाठ सरळ केली. "गेलंय," तो म्हणाला. "वाईट वाटतं हो. बाकी सगळं जहाज ठणठणीत आहे. पण माल भरला की नेमकं पाण्याखाली जाईल तिथेच कुजलंय. भर समुद्रात इथूनच फुटेल. अशा जहाजावर माणसं नाही चढवायचा मी."

जसिंतोने खाली बघितलं. तो हसू दाबतोय, हे देओलिंदाला पाठीमागूनही कळलं असतं. झालं होतं. त्याचं तोंड बंद राहिलं होतं, जहाज नापास झालं होतं, चादरी वर वाळत होत्या. तिने कंदील शिडीकडे वळवला.

विदालने शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तो भला माणूस होता म्हणून जाता जाता बोलला, "तुमचा काही दोष नाही, बाई. कोळशाखालची ओल कोण बघतंय?"

देओलिंदा थांबली.

"मी बघते," ती म्हणाली.

"काय?"

"कुजलेलं नाही ते. आणा तो हातोडा इकडे."

"देओलिंदा," जसिंतो म्हणाला. दिवसभरातला त्याचा पहिला शब्द.

तिने कंदील त्याच्या हातात दिला आणि हातोडा कप्तानाच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. दोन्ही हातांनी तिने भिंतीवर घाव घातला. सिमेंटचा एक पापुद्रा निघाला. त्याच्यामागे दुसरा होता, त्याच्यामागे तिसरा, कांद्यासारखे. घाम येणारी जागा म्हणून जास्त दिलेले ते सगळे हात, सगळे सण, एकावर एक बसलेले. ती ठोकत राहिली. धुरळा तिच्या केसांत, झग्यावर, भुवयांवर बसला. शेवटी एक ढलपा सुटून खाली पडला आणि कंदिलाच्या उजेडात निळसर काळं लोखंड दिसलं. गुळगुळीत होतं. कारखान्यात तापवून लाटताना धरलेली साय अजून त्याच्यावर होती.

विदालने हातोडा परत घेतला आणि हलकेच ठोकलं.

जहाज असं वाजलं की वर कोंबड्या ओरडायला लागल्या.

आवाज विरला. मग विदालने तिच्याकडे बघितलं. डोक्यावर तिची चूल होती, त्याही वर डेकवर तिचे कपडे वाळत होते. हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"आता मला हो म्हणावं लागेल," तो म्हणाला. "विचार करून बोललात ना, बाई?"

"नाही," देओलिंदा म्हणाली.

तो गेल्यावर ती डेकवर पिंपावर बसली. जसिंतो समोर येऊन उभा राहिला. तो चिडेल असं तिला वाटलं. तिला बरंही वाटलं असतं. पण त्याने तिच्या केसांतला सिमेंटचा एक तुकडा काढला आणि पाण्यात टाकला.

"तोंड बंद ठेवायचं ठरलं होतं ना आपलं?"

"तुझं ठरलं होतं," ती म्हणाली. "माझ्याबद्दल काही ठरलं नव्हतं."

अँसेल्मो त्याच रात्री बाटली घेऊन आला. एकेकाळी तो त्यांच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून उभा राहिला होता, म्हणून त्याला बोलायचा हक्क होता असं तो समजे. "म्हणजे बघा," तो म्हणाला, "मी जन्मात ब्रशला हात लावला नाही, तो मी घरात. तुम्ही दोघं घासून घासून मेलात, ते रस्त्यावर. पाद्रीसाहेबांनी रविवारी यावर बोलावं."

"तू रविवारी जातोस का ऐकायला?"

"यावर बोलले तर जाईन."

मग काही महिने बंदरात हातोडेच हातोडे वाजत होते. तुटक्या डोलकाठ्यांवर नवे शेंडे चढले, दोर ओढले गेले, पोटातला उरलासुरला कोळसा निघाला. मागच्या बाजूला नवं नाव रंगवलं गेलं, 'बोआ नोव्हा', म्हणजे शुभवार्ता. जसिंतो रोज पिकूहून होडी वल्हवत खाडी ओलांडून जायचा आणि कामगारांना ही बाजू अशी, ती बाजू तशी सांगत बसायचा. आता त्याला कुणी अडवत नव्हतं. देओलिंदा एकदाही गेली नाही. तिने एर्मेलिंदाच्या मागच्या खोलीत कोंबड्या सोडल्या, आणि पहिल्याच रात्री पलंगावरून उठून बसली. जमीन हलत नव्हती. पहाटेपर्यंत ती दोनदा बाहेर जाऊन ओकली.

"गरोदर बाईसारखं काय करतेस या वयात," एर्मेलिंदा सकाळी म्हणाली.

"तुझं घर लागलं मला," देओलिंदा म्हणाली. "बोट लागते तसं."

जहाज निघालं त्या दिवशी वारा वायव्येचा होता. दोघी नणंद-भावजया किनाऱ्यावरच्या काळ्या दगडांवर उभ्या राहिल्या. खाडीतून ते आलं, सगळी शिडं भरलेली, एका कुशीवर कललेलं. एवढी वर्षं त्याच्या आत राहून देओलिंदाने ते बाहेरून चालताना कधी बघितलंच नव्हतं. बंदरातल्या बायका म्हणत तसं ते काळं, बसकं, धुळकट कोठार नव्हतंच. कुणाच्या तरी नात्यातली, लहानपणी बघितलेली मुलगी एकदम लग्नात समोर यावी तसं झालं.

"किती कललंय," एर्मेलिंदा म्हणाली. "पडेल ना."

"पडत नाही ते."

विदाल स्वतःच त्याचा कप्तान होता. तरुण लढाईवर गेले होते, म्हणून खलाशीही बहुतेक त्याच्याच वयाचे. जहाज ब्राझीलला गेलं, साखर घेऊन लिस्बनला आलं, पुन्हा गेलं. बातम्या अँसेल्मो आणायचा, कोळशाच्या ऑफिसात ऐकून, निम्म्या विसरून.

पुढच्या उन्हाळ्यात एके दिवशी दुपार टळल्यावर देओलिंदा दारात मक्याची कणसं सोलत होती. वाटेवरून एक माणूस आला. दुसऱ्याचा कोट, तोंड उन्हाने सोललेलं. मान कलती केली तेव्हा तिने ओळखलं.

"बसा, कप्तानसाहेब," तिने बाकावरची कणसं बाजूला केली.

विदाल बसला. "परवा ओर्ताला लागलो," तो म्हणाला. "होडीतून. माणसं सगळी आहेत."

देओलिंदाने मान हलवली. मागे वाफ्यात जसिंतोची कुदळ चालली होती, तिचा आवाज येत होता. पाणबुडी होती, विदाल म्हणाला. थांबवलं, उतरायला सांगितलं, होड्यांत बसायला वेळही दिला. मग त्यांनी आत जाऊन बॉम्ब ठेवले.

"त्याआधी पाणी येत होतं का आत?" तिने विचारलं.

"सकाळी दोघं पंपावर उभे राहायचे. सवय म्हणून. पंप नुसती हवा ओढायचा."

तिने एक कणीस सोललं. "आणि फुटलं ते... स्वयंपाकघराखालून?"

"नाही," विदाल म्हणाला. "तिथून नाही. पुढून फुटलं, मागून फुटलं. मधलं धरून राहिलं. आम्ही वल्हवत लांब गेलो, तरी दिसतच होतं. त्यांचा अधिकारी चिडला शेवटी. तोफ लावली त्याने."

"मग?"

"मग गेलं."

कुदळीचा आवाज थांबला होता. केव्हा थांबला ते देओलिंदाला कळलं नाही. ती उठली, चुलीवरचं कढण वाडग्यात ओतलं, भाकरी मोडून शेजारी ठेवली आणि कप्तानासमोर आणून दिलं.

"जेवून जा," ती म्हणाली. "लांबून आलात."

कुंपणाच्या बुटक्या भिंतीपलीकडे जसिंतो वाफ्यात उभा होता. त्याने डोक्यावरची टोपी काढली. ऊन उतरलं होतं, उकडत नव्हतं. टोपी छातीशी धरून तो समुद्राकडे वळला, मग ती पुन्हा घातली आणि कुदळ उचलली.