कॉटचं पुढचं घर

कॉटच्या हँडलच्या खाचेत साचलेला काळा मळ काकू जुन्या टूथब्रशने खरवडत होत्या, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पालिकेच्या गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी मान वर केली नाही. उलट हात जास्तच जोरात चालू लागला. कॉट कालच साबणाच्या पाण्याने पुसून झाली होती, कठडे पुसून झाले होते, चाकांत गुंतलेले केससुद्धा ओढून काढून झाले होते. पण घासायचं थांबवलं की कॉट न्यायला तयार झाली असा त्याचा अर्थ झाला असता.

"काकू, पोचल्यावर मी औषधाने पुसणारच आहे," चपला काढता काढता सिस्टर म्हणाली.

"तुझं तू पूस. माझ्या घरातून कळकट वस्तू आजवर बाहेर गेलेली नाही."

सिस्टर पालिकेच्या आरोग्य केंद्राची. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन बघायचं हे तिचं काम. काकूंच्या नवऱ्याला झटका येऊन उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि हॉस्पिटलने 'आता घरीच सांभाळा' म्हणून पाठवून दिलं, त्यानंतरच्या मंगळवारी ती पहिल्यांदा या घरात आली. मागोमाग ही कॉट आली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आली. माणसाला कुशीवर कसं वळवायचं, घास भरवताना पाठ किती उचलायची, हे सगळं काकूंना तिनेच शिकवलं. पहिल्या महिन्यातच ती काकूंसाठी 'तुम्ही'ची 'तू' झाली होती.

काकूंना सगळे वायरमनकाकू म्हणत. वायरमन म्हणजे त्यांचा नवरा. गल्लीतल्या कुठल्या घरात दिवा लागला नाही तर जेवणावरून उठून जाणारा माणूस. तो आजारी पडल्यावर आधी अख्खी गल्ली लोटली. मग दोघं-चौघं येत राहिले. मग जो तो आपापल्या संसाराला लागला, आणि त्यात त्यांचं तरी काय चुकलं? शेवटी उरला तो दर आठवड्याचा सिस्टरचा मंगळवार. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी वायरमन झोपेतच गेले, तेव्हाही काकूंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आज मंगळवार नाही, आता सांगायचं कुणाला.

आता कॉट चालली होती, आणि तिच्याबरोबर मंगळवारही जाणार होता. हे मात्र त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं.

ड्रायव्हर आणि त्याच्याबरोबरचा माणूस आत आले. त्या माणसाला केंद्रात पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता. दोघांनी नट सैल केले, कॉटचे दोन भाग केले आणि दारातून आडवे करून बाहेर नेले. चौकटीला कुठे घासलंसुद्धा नाही. खोली एकदम मोठी झाली. "निघू का?" असं सिस्टरने विचारलं, ते काकूंना दोनदा ऐकू आल्यासारखं वाटलं.

"कुणाकडे चाललीय?" त्यांनी विचारलं.

"पुलापलीकडे. रंगारी आहे एक. परांचीवरून पडला. बिचारा जमिनीवरच पडून आहे अजून."

"पुलापलीकडे माझी नणंद असते," काकू म्हणाल्या. "कधीची ये ये म्हणतेय. मला सोडाल जाता जाता?"

सिस्टरने त्यांच्याकडे बघितलं. नणंदेकडे निघालेल्या बाईच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. पण काकूंनी तोवर कुलूप घेतलं होतं.

"नियमात बसत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"नियमात नसेना का, गाडीत बसतील," पैलवान म्हणाला. "मी मागे जातो कॉटपाशी. तिथं जागा ऐसपैस आहे, आडवासुद्धा होईन. हसताय काय काकू? घरी आडवं होऊ देतं का कुणी मला?"

काकू खरंच हसल्या होत्या. कितीतरी दिवसांनी. हसल्यावर त्यांचं त्यांनाच चुकल्यासारखं झालं, आणि त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या.

गाडी पुलावर गर्दीत अडकली, तेव्हा सिस्टर हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही गाडीतच बसा हं काकू. तिथे जरा नाजूक आहे. मणका गेलाय त्याचा. चालणार नाही तो आता. डॉक्टरांनी बायकोला सांगितलं, पण त्याला सांगायची कुणाची छाती होईना. शेवटी मीच सांगितलं, थोडं थोडं करून. भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. गेल्या खेपेला पहिल्यांदा चाकाच्या खुर्चीचं विचारलं त्याने."

"लहान आहे का?"

"लग्नाला फार दिवस नाही झालेत."

गर्दी सुटली, गाडी पुढे निघाली.

रंगाऱ्याचं घर एका लाँड्रीच्या मागे होतं. बोळ इतका चिंचोळा की कॉटचे भाग डोक्यावरून न्यावे लागले. सिस्टरच्या एका हातात औषधाची बाटली, दुसऱ्यात गादीची गुंडाळी. हवा भरायचा पंप सीटवरच राहिला. काकूंनी तो उचलला आणि त्यांच्या मागोमाग चालू लागल्या. गाडीत बसायला सांगितलेलं त्यांच्या लक्षात होतं. पण तो पंप रात्रंदिवस त्यांच्या उशाशी घुरघुरत आला होता. तो असा परक्यासारखा सीटवर टाकून देववेना.

आत दोन खोल्या. जगाच्या भिंती रंगवणाऱ्याची स्वतःची भिंत अर्धीच निळी होती. हात पुरेल तिथपर्यंत रंग आणि वर तसंच. खाली गादीवर तो पडला होता. खांदे रुंद, दाढी वाढलेली, नजर छताला. बायको चुलीपाशी गडबडीत काहीतरी ढवळत होती, ती हात पुसत पुढे आली आणि कुणाला कुठे बसवू असं तिला झालं.

कॉट जोडली. सिस्टरने ती औषधाने पुसली, गादी अंथरली, पंप लावला. घुरघुर सुरू झाली तशी काकूंनी भिंतीला हात टेकला. मग सगळ्यांनी चादरीचे कोपरे धरले, काकूंनीही एक धरला, आणि एका दमात त्याला वर घेतलं. सिस्टरने हँडल फिरवलं. पाठ हळूहळू उचलत गेली, आणि छताला लागलेली त्याची नजर खाली येत येत खिडकीवर आली. बाहेर लाँड्रीचे पांढरे पडदे वाळत होते. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला.

"ही कॉट कुणाची?" त्याने विचारलं.

"पालिकेची," सिस्टर म्हणाली.

"ते माहीत आहे. माझ्याआधी कोण होतं हिच्यावर?"

पैलवान चाकाचा नट आवळत होता, त्याचा हात थांबला.

"असू दे ना आता," बायको म्हणाली.

"मेला ना तो?"

सिस्टरने तोंड उघडलं. ती काय बोलणार ते काकूंना ठाऊक होतं. ती कधी खोटं बोलत नसे. गोड करून सांगेल, पण खरं तेच सांगेल.

"कोण म्हणतं मेला?" काकू म्हणाल्या. आवाज इतका खणखणीत निघाला की त्या स्वतःच दचकल्या. "माझे मिस्टर होते. चालायला लागले. मग उगाच कॉट अडवून कशाला ठेवायची, म्हणून परत दिली."

त्याने मान वळवली. "चालायला?"

"मग! आधी काठी घेऊन. आता काठी कुठेतरी विसरून येतात आणि माझ्यावर ओरडतात, तू उचलून ठेवलीस म्हणून."

"पहिलं काय हललं?"

"अंगठा. डाव्या… उजव्या पायाचा. सकाळी पाय पुसत होते मी, तर हलला."

हे मात्र खरं होतं. एका सकाळी उजव्या पायाचा अंगठा हलला होता. काकू ओल्या हातांनी गल्लीत धावल्या होत्या, दिसेल त्याला सांगत सुटल्या होत्या. मंगळवारी सिस्टरने तो पाय मांडीवर घेऊन बराच वेळ बघितला, दाबून बघितला, आणि काही न बोलता पुन्हा चादरीखाली ठेवला. त्यानंतर तो अंगठा हलला नाही.

रंगारी आपल्या पायांकडे बघत होता. सगळेच बघत होते. पाय जसे ठेवले होते तसेच होते.

"भूक लागलीय," तो म्हणाला.

बायकोला आधी कळलंच नाही. मग ती जवळजवळ पळतच चुलीकडे गेली. जाताना तिचा चेहरा काकूंना दिसला, आणि आपण काय करून बसलो ते त्या चेहऱ्यावर त्यांना स्वच्छ वाचता आलं. डॉक्टरांनी जे सांगितलं होतं, ते त्या पोरीने कसंबसं गिळलं होतं. ते आता पुन्हा वर आलं होतं.

सगळे बोळातून बाहेर आले. पैलवान आणि ड्रायव्हर गाडीपाशी न थांबता पानाच्या टपरीकडे वळले. सिस्टर बाटलीचं झाकण पुन्हा पुन्हा आवळत होती.

"मंगळवारी तो मला अंगठा दाखवेल," ती म्हणाली. "हलला का विचारेल. मी काय सांगू त्याला, काकू?"

"तोंडातून निघून गेलं गं."

"किती कष्टाने त्याला तिथवर आणलं होतं मी."

"माहीत आहे."

"तुमच्या वेळी बोलले मी कधी खोटं? एकदा तरी?"

"नाही बोललीस," काकू म्हणाल्या. त्या लाँड्रीच्या पडद्यांकडे बघत होत्या. वारा नव्हता, पडदे सरळ लोंबत होते. मग म्हणाल्या, "एकदा बोलायला हवं होतंस."

सिस्टरचे हात थांबले. मग तिने बाटली पिशवीत ठेवली, पिशवीची चेन लावली, आणि काकूंकडे न बघता त्यांच्या दंडाला धरून त्यांना सावलीत सरकवलं.

तेवढ्यात बोळातून रंगाऱ्याची बायको धावत आली. हातात वाढायचा डाव तसाच होता, पायात काही नव्हतं.

"काकू, बरं झालं भेटलात. सगळं जेवले ते. मागून घेतलं पुन्हा." तिला धाप लागली होती. "एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"तुमचे मिस्टर एकदा येतील का इकडे? बसायलासुद्धा नको, घाईत असतील तर. नुसतं दारातून कॉटपर्यंत चालत आले तरी पुरे. ह्यांना बघू दे एकदा. मी सांगून काही खरं वाटत नाही त्यांना."

सिस्टरने काकूंकडे बघितलं. रागाने नाही. ती नुसती थांबली, काकूंना वेळ देत. मागे टपरीवर ड्रायव्हर कुणाशी तरी मोठ्याने हसत होता. पोरीने डाव दोन्ही हातांनी छातीशी धरला होता आणि त्याचा ओघळ तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला होता, तिचं लक्ष नव्हतं.

काकूंनी पदराने तो ओघळ पुसला. सांगायचे शब्द दोनच होते. ते त्यांनी नणंदेला सांगितले होते, दूधवाल्याला सांगितले होते, फोनवर कितीजणांना सांगितले होते. जीभ आता अडखळतही नसे. त्यांनी ओठ उघडले.

"त्यांना कुणाकडे जायचं म्हणजे जिवावर येतं गं," त्या म्हणाल्या. "पण विचारते."

"नक्की विचारा हं."

"विचारते."

ती मान हलवत आली तशी धावत बोळात गेली. सिस्टरने गाडीचं दार उघडलं आणि काकू आत चढेपर्यंत धरून ठेवलं.