स्वतःसाठी शिवलेला सदरा

मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या हातची शिलाई अंगाला लावली नाही. नावाजलेले शिंपी, तेवढा तोरा त्यांना शोभायचाही. म्हणूनच मेल्यावर अंगावर घालायचा पांढरा सदरा त्यांनी स्वतःच शिवायला घेतला होता. प्रभूपुढे जायचं ते एकही टाका वाकडा नसलेल्या कपड्यात, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

चर्चचे पाळक घरी येऊन समजावून गेले, "मास्तर, पापातून तारण ख्रिस्ताने दिलंय. ते आपण कमवायचं नसतं."

"ते खरंच हो," मास्तर म्हणाले. "पण आपल्याकडूनही काही नको का?" पाळकांची पाठ वळली आणि मास्तरांच्या हातात पुन्हा सुई आली.

हात मात्र आता ऐकत नव्हते. आजाराने असे कापायचे की टाका भलतीकडेच जायचा. मग उसवा, पुन्हा शिवा, पुन्हा उसवा. खांद्यापाशी कापड पार विरलं आणि एका दुपारी टर्रकन फाटलं. तिथे आता टाका धरेल असा धागाच उरला नव्हता. एवढा कसबी माणूस, पण त्या भोकाकडे नुसता बघत बसला.

बायको आली तेव्हा ते रडत होते. "संपलं गं. आता काय घालून जाऊ त्याच्यापुढे?"

तिने त्यांच्या बोटांतून सुई काढून घेतली. "तुमच्याकडे गिऱ्हाइकं ट्रायलला यायची, ती काय सुई घेऊन यायची? कुणी जरा चुळबूळ केली की खेकसायचात, तुम्ही काही करू नका, नुसते उभे राहा."

"मला उभंही राहवत नाही."

"मग पडून राहा. त्याने काय फक्त उभ्या माणसांसाठी जीव दिला?"

 मास्तरांची भीती काही गेली नव्हती. अंगातला सदरा घामाने भिजला होता, म्हणून बायकोने कपाटातून लेकीने आणलेला तयार शर्ट काढला. गेली कित्येक वर्षं त्यांनी त्याची घडीही मोडली नव्हती. सवयीने त्यांचा हात शिवण उलटून बघायला गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"प्रभू, माझ्याच्याने होत नाही," ते हळूच म्हणाले. "तूच बघ आता."

मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले. ते कापतच होते. बायकोने एकेक हात धरून बाहीत घातला.