तेवीस नळ्या, एक फुसफुस

सासऱ्यांनी बॉनेटखालच्या रबरी नळ्यांच्या जंजाळावर पाना फिरवला आणि म्हणाले, "काढ सगळं."

सुनेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. नऊ वर्षं ती या गॅरेजात होती आणि नऊ वर्षं एकच वाक्य ऐकत आली होती: कंपनीने लावलंय ते शोभेला लावलेलं नाही. एका गिऱ्हाइकाने धूर कमी करणारी झडप काढून टाका म्हटलं, तेव्हा सासऱ्यांनी त्याला विचारलं होतं की, अपेंडिक्स काढलंत म्हणून यकृतही काढून घ्याल का. गिऱ्हाईक निघालं सर्जन. बराच वेळ तो खरंच विचारात पडला होता.

गल्लीत सासऱ्यांना 'कानवाले' म्हणत. गाडी कोपऱ्यावर वळली की चहाचा कप खाली न ठेवता ते सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरची झडप. बॉनेट उघडायचं ते फक्त खात्री म्हणून. ही विद्या मुलाने घ्यावी अशी इच्छा होती, पण मुलाला ग्रीसचा वास सहन होत नसे. तो शोभेचे मासे विकायचा. माशांचा वास त्याला कसा चालतो, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. मग विद्या सुनेने घेतली.

आजची गाडी होती एका डेंटिस्टबाईंच्या वडिलांची; आता ती बाईच चालवायच्या. मूळ इंजिन गेलं, म्हणून दुसऱ्याच जातीच्या गाडीचं कार्बोरेटरवालं इंजिन आणून बसवलं होतं. इंजिन बसलं छान, पण सोबत माहेरचं सामान आणावं तशा तेवीस नळ्या घेऊन आलं. इंजिन आत हवा ओढतं, त्या ओढीवर या नळ्यांची कामं चालतात. एक ब्रेक हलका करते, एक पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्यातून परत इंजिनात नेते, काही धुराला वळण लावतात. उद्या सकाळी दहाला गाडीची धूरतपासणी होती, आणि इंजिन थरथरत होतं.

पहिल्या अकरा नळ्यांबद्दल वादच नव्हता. त्या जिथे जोडायच्या ते डबे जुन्या गाडीतच राहिले होते. नळ्या हवेत लोंबत होत्या, बदली झालेल्या साहेबाच्या शिपायासारख्या. सुनेने त्या काढल्या, तोंडांना रबरी बुचं मारली, गाडी चालू केली. इंजिन तरीही थरथरलं.

सासऱ्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "अजून काढ."

मग धुराची झडप सुटली. कोळशाचा डबा सुटला. सुनेने विचारलं की, पेट्रोलची वाफ आता डेंटिस्टबाईंच्या नाकात जाणार का. सासऱ्यांनी मान डोलावली. त्यात होही नव्हतं आणि नाहीही नव्हतं. आणखी नऊ नळ्या गेल्या, तीन उरल्या. इंजिन थरथरतच होतं, आणि वर कार्बोरेटरपाशी कुठेतरी कोंडलेल्या मांजरासारखी फुसफुस चालली होती.

सासऱ्यांनी डोळे मिटून कान खाली नेला. हे दृश्य बघायला पूर्वी लोक थांबत.

"आवाज तर शून्य," ते म्हणाले.

मांजर तर त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर फुसफुसत होतं.

मग एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. गेले आठ महिने सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या की, हे म्हातारपणी सुधारले. आता उलट बोलत नाहीत, प्रत्येक गोष्टीला मान डोलावतात. या सुधारणेचं श्रेय त्यांनी स्वतःला आणि थोडं कारल्याच्या रसाला दिलं होतं. तेवढ्या काळात सासऱ्यांनी होकार दिला होता तो बैठकीला जांभळा रंग, मेव्हण्याचा महिनाभर मुक्काम आणि शयनगृहात माशांची टाकी, या तिन्ही गोष्टींना.

हसू येण्याआधीच तिला भीती वाटली. पलीकडच्या मेकॅनिकचे हात थरथरायला लागले तेव्हा मुलांनी त्याला घरी बसवलं होतं. तो आता दिवसभर खिडकीत बसून स्कूटर मोजतो. सासरे त्याला भेटून आले होते आणि दोन दिवस जेवले नव्हते. कानवाल्यांचे कान गेले हे कळलं, तर त्यांच्यासाठीही एक खिडकी तयार होणार होती.

तिने ठरवलं, गप्प बसायचं आणि ही फुसफुसणारी हवेची गळती गुपचूप आपणच शोधायची. तेवढ्यात सासऱ्यांची पक्कड आत गेली आणि उरलेल्या तिघींतल्या सगळ्यात जाड नळीवर बसली.

सुनेने त्यांचं मनगट धरलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

"बाबा, ती ब्रेकची."

तिचे ओठ बघून त्यांना कळलं असावं. "माहीत आहे," ते म्हणाले, पण पक्कड सोडली नाही. हात मात्र सैल पडला. तिला तेव्हा कळलं की, त्यांचा नळ्यांवर रागच नव्हता. गळती आहे हे तळहाताला कळत होतं. कुठे आहे ते कळत नव्हतं. म्हणून थरथर थांबेपर्यंत एकेक नळी कमी करत जायचं, एवढाच उपाय त्यांच्याकडे उरला होता.

सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं, तिच्याजवळ सरकले आणि कुजबुजले, "मला ऐकू येत नाही. कुणाला सांगू नकोस."

ही त्यांच्या मते कुजबुज होती. प्रत्यक्षात ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

शेजारच्या टायरवाल्याच्या हातून ट्यूब पाण्यात पडली. समोरच्या माडीवर शिंपीणबाईंचं मशीन थांबलं, आणि आपण काही ऐकलंच नाही हे दाखवायला लगेच दुप्पट वेगाने सुरू झालं. पत्ता विचारायला थांबलेला एक माणूस पत्ता न विचारताच निघून गेला. टायरवाला शीळ वाजवायला लागला, मग ते टोमण्यासारखं वाटेल म्हणून मध्येच थांबला.

सासरे निश्चिंत होते. गुपित सुरक्षित होतं.

सुनेने त्यांना आपल्यासमोर उभं केलं आणि सावकाश म्हणाली, "मला ऐकू येतंय. पण ते काय आहे ते मला कळत नाही. ते तुम्ही सांगा."

सासरे तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "शिट्टी, की फुसफुस?"

"फुसफुस."

"सलग?"

"नाही. सासूबाई फोनवर कुणाबद्दल तरी हळूच सांगतात ना, तशी. मध्ये मध्ये दम घेत."

"रेस दे." तिने दिली. "आता?"

"आता गप्प. तेच माणूस खोलीत आल्यासारखी."

सासऱ्यांच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांनी उजेड पडला. "कार्बोरेटरच्या बुडाची गास्केट," ते म्हणाले. "पुढचा उजवा कोपरा."

बोल्ट सोडून बघितलं, तर सांध्यातून हवा शिरू नये म्हणून बसवलेली ती पातळ गास्केट त्याच कोपऱ्यात दुमडली होती. तेवीस नळ्यांपैकी एकही दोषी नव्हती. नवी गास्केट बसवली, कामाच्या नऊ नळ्या पुन्हा जागेवर गेल्या, आणि बिनकामाच्या अकरा तेवढ्या बाहेर राहिल्या. इंजिन एकसारखं चालायला लागलं. सासऱ्यांनी तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला डेंटिस्टबाई आल्या. गाडी धूरतपासणीत पास झाली होती. बिघाड होता तरी काय, असं त्यांनी विचारलं. सासऱ्यांनी सुनेकडे बोट केलं. "ऐकलं हिने," ते म्हणाले, "ओळखलं मी. मला आता ऐकू येत नाही."

हे मात्र त्यांनी साध्या आवाजात सांगितलं, म्हणजे आख्ख्या बाजाराला.

डेंटिस्टबाई गेल्या. सुनेने गल्लीकडे पाहिलं. टायरवाला ओल्या हातांनी येत होता. तो थेट सासऱ्यांसमोर, उजेडाकडे तोंड करून उभा राहिला आणि म्हणाला, "काका, माझा कॉम्प्रेसर बिघडलाय." मग ओठांचा चंबू करून, गाल फुगवून, खांदे उडवत त्याने मन लावून कॉम्प्रेसर करून दाखवला.

सासऱ्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला.

"परत कर," ते म्हणाले. "मधला ठोका जरा सावकाश."