लाखाचा रंग

बस भाऊ, चहा येऊन राहिला. तोवर तुले आमच्या फियाटच्या रंगाची गोष्ट सांगतो.

माहा बा, परसराम, चिखल्याच्या खाणीत सायबाची गाडी चालवे. सायेब जातानी गाडी बाले देऊन गेला. मंग तीस वरसं गुराच्या कोठ्यात तिच्यावर कोंबड्या बसल्या; रंग जाऊन निरा गंज उरला, मलेबी तो आठवे नाही. आता बाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनले चल म्हटलं, त म्हणते, "माह्याच गाडीत येईन. अन् तिच्या जुन्या रंगात. लाखाचा रंग होता तिचा."

"तुले दिसत नाही, त रंग कायले पायजे?"

"लोकायले त दिसते ना बे!"

इंजिन मी घरीच सुरू केलं. रंगासाठी तुमसरले गेलो. दुकानवाला मनिष म्हणे, "लाखाचा म्हणजे लॅकर. आता कोण मारते काका?" तरी बिचाऱ्यानं नागपूरहून डबे मागवले. शेड विचारली, त मी म्हटलं, "लाखाचीच." त्यानं लाखेची बांगडी समोर ठेवली अन् लालभडक कालवून देला.

आठ दिवस घासलं, नाकाले फडकं बांधून तीन हात मारले. गाडी अशी चमकली, का कोंबडा तिच्यात पाहून सोताशीच भांडे.

बाले धरून आणलं. त्यानं डोळे बारीक केले, मांगच्या सीटवर बसला अन् म्हणते, "एक मोहाडी. म्हातारा हाव, हाफ दे."

"बा, हे एष्टी नाही! तुही गाडी हाय!"

"मंग लाल काहून?"

"तूच लाख म्हटलं ना!"

"अबे, लाखोरीची लाख! धानाच्या बांधीत पेरतो ते! तिच्या फुलावानी निळी होती गाडी."

आतून माय ओरडली, "जलमभर लाखाची डाळ खाल्ली, अन् याच्या डोक्यात बांगड्या कोठून आल्या?"

आता ऑपरेशन पुढच्या हप्त्यात हाय, अन् बा लाल गाडीत बसत नाही. मनिष म्हणते, फूल आणा, तसाच रंग कालवतो. पण आमच्या गावात यंदा साऱ्यायनं उन्हाळी धान लावला, लाख कोणीच पेरली नाही. सिहोऱ्याहून एक फूल खिशात घालून नेलं, त दुकानात पोचतवरी सुकून त्याची चिंधी झाली.

तुह्या बांधीत लाख फुलली हाय म्हणतेत. उद्या एक झाड मातीसकट उपडून, डब्यात पाणी घालून आणून दे ना भाऊ.