गुळव्याची जीभ

"घ्या हरिबा, लावा तोंडाला," पोपटराव म्हणाले आणि त्यांनी लाकडी उलथणं पुढं केलं.

हंगामाची पहिली काहील होती. राहूच्या शिवारातल्या पोपटरावांच्या गुऱ्हाळावर एक रीत होती, ती कोणी घालून दिली ते आता कोणालाच ठाऊक नव्हतं. रस आटून गुळावर आला की पहिल्यांदा गुळव्यानं चाखायचा. तो 'उतरवा' म्हणेपर्यंत काहिलीला कोणी हात लावायचा नाही, आणि त्याच्या आधी मालकानंसुद्धा गुळाचा खडा तोंडात टाकायचा नाही. चुलाणात चिपाडं घालणारा थांबला होता, काहील धरणारे चौघं हाताला ओली फडकी गुंडाळून उभे होते.

हरिबानं उलथणं घेतलं, फुंकर मारली, धूर डोळ्यात गेल्यासारखं करून तोंड पलीकडं फिरवलं आणि मिटक्या मारल्या.

"एक लंबर! उतरवा," तो म्हणाला.

काहील उतरली. उलथण्यावरचा गूळ हरिबाच्या मिशीपलीकडं गेलाच नव्हता, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. अडतीस वर्षं जो माणूस काहिलीजवळ बसून गूळ चाखत आला, तो मिशीला पुसतो असा संशय घ्यायचा तरी कोणी?

तसं पाहिलं तर हरिबाचं चाखणं गावात गाजलेलं होतं. चव बघतो म्हणायचं आणि डावभर काकवी रिचवायची. सकाळी चहाऐवजी रस, दुपारी भाकरीबरोबर गूळ, संध्याकाळी गरम गुळात शेंगदाणे. त्याचं वजन गुळाच्या काट्यावर व्हायचं आणि ते ढेपांत सांगितलं जायचं. दहा किलोची एक ढेप धरली तर मागच्या हंगामात हरिबा साडेबारा ढेपांवर काही किलो भरला होता. त्याच्यासाठी बाभळीचा जाड पाट मुद्दाम करून घेतलेला. मग साखर वाढली, गुडघे गेले. काहिलीजवळून उठायला दोन माणसं लागायला लागली, आणि उठवताना ती माणसं हसायची ते हरिबाला कळायचं.

पोरगा सतीश रांजणगावला कंपनीत होता. कंपनीच्या विम्यात आईबाप बसत होते. फाल्गुनात पुण्याला नेऊन त्यानं बापाचं ऑपरेशन करून आणलं. पोटाची पिशवी कापून केळाएवढी ठेवली, एवढं सगळ्या गावाला समजलं. पारावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. "खानं आपलं आन् पोट कापायचं डाक्टरनं," एकजण म्हणाला. हरिबाचा संसार ठाऊक असणाऱ्यांनी मात्र ओळखलं, की आता खरी परीक्षा त्याच्या बायकोची, धुरपदाची आहे.

धुरपदा चौथी शिकलेली. दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी दिलेला कागद तिनं चुलीमागच्या भिंतीला चिकटवला आणि तो कायदा झाला. घास पंचवीस वेळा चावायचा. आधी अंडं नाहीतर मोडाची मटकी, मग भाजी, आणि जागा उरली तर चतकोर भाकरी. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी अर्धा तास नाही, नंतर अर्धा तास नाही. दर तीन तासांनी वाटीभर. ताकात ती पांढरी पावडर. साखर, गूळ, तळलेलं, बाटलीतलं गार पेय बंद. पाटावरनं हात न टेकता दहा वेळा उठायचं. आणि चालायचं. पहिल्या महिन्यात ती त्याला कॅनॉलच्या कडेनं विजेच्या डीपीपर्यंत नेऊन परत आणायची, पंधरा मिनिटांचं काम. आता दोघं पहाटे पाऊण तास चालत, त्याच्या दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या लिटरच्या बाटल्या आणि ती चार पावलं मागं.

"घास मोजला का?" ती विचारायची.

"मोजला की."

"किती?"

"वीस."

"मंग आजून पाच."

एकदाच कायदा मोडला. पोळ्याला ती बैलांना ओवाळायला गेली तेव्हा त्यानं पुरणपोळी अर्धी खाल्ली. दहाव्या मिनिटाला घाम फुटला, छातीत धडधड, डोळ्यापुढं अंधारी. ओसरीवर तासभर मढ्यासारखा पडून राहिला. मॅडम फोनवर म्हणाल्या, असं होतं, गोड भराभर खाली उतरतं आणि अंगाला झेपत नाही. धुरपदानं फोन खाली ठेवला. उरलेल्या पोळ्या तिनं शेजारी वाटून टाकल्या. बैलांचं मागं ठेवलेलं पुरणसुद्धा.

तर असा हा हरिबा, नऊ ढेपांच्या खाली आलेला, शर्ट खांद्यावरून ओघळणारा, यंदा पुन्हा काहिलीवर उभा होता. होय, उभा. पाट त्यानं कोपऱ्यात सरकवला होता. त्याची नजर तशीच होती. उकळीचा बुडबुडा बघून तो रस निवळायला भेंडीचं पाणी कधी टाकायचं ते सांगायचा, मळी काढायचा, आणि शेवटी गार पाण्यात थेंब सोडून त्याची गोळी काहिलीच्या काठावर टिचकीनं मारायचा. टण्ण वाजली की गूळ आला. इथपर्यंत सगळं खरं होतं. पुढचं मिशीवर निभत होतं.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, नदीपलीकडनं वडगाव रासाईच्या कुशाबाईचा ऊस आला. विधवा बाई, पंधरा गुंठ्यांतला ऊस, दरवर्षी अर्धा आधी तोडून आणायची आणि उरलेला चार-पाच दिवसांनी. त्याच दिवशी पोपटरावांच्या खालच्या पट्टीतला ऊस तोडून आला होता. दोन्ही एकापाठोपाठ घाण्याला लागले आणि रस एकाच हौदात गेला. एरवी हरिबा घाण्याखाली बोट धरून प्रत्येकाचा रस चाखायचा. खारवट लागला तर म्हणायचा, ह्याचा गूळ वेगळा काढा, दुसऱ्याचा नासवू नका. त्या मंगळवारी त्यानं बोट धरलं आणि धोतराला पुसलं.

गूळ पिवळाधमक उतरला. शनिवारी व्यापाऱ्याचा टेम्पो मंगळवारच्या सगळ्या ढेपा घेऊन परत आला.

"खारट हाय," ड्रायव्हर म्हणाला आणि ढेपा उतरवून निघून गेला.

पोपटरावांनी कमरेवर हात ठेवले. नेमकी त्याच वेळी कुशाबाई राहिलेला ऊस ट्रॉलीत घालून गुऱ्हाळावर पोचली होती.

"ट्रॉली माघारी फिरवा, बाई," पोपटराव म्हणाले. "नदीपल्याडचं रान खारावलंय तुमचं. माझा समदा माल बाटला."

"माझा ऊस खारा?" कुशाबाई ट्रॉलीवरून खाली उतरली. "वीस वरीस हितंच गूळ करतीय मी. कवा आली का तक्रार? हरिबादादा, तुमी सांगा. तुमी चाखला व्हता न्हवं?"

हरिबा मळीचा झारा धूत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"चाखला व्हता," तो म्हणाला.

"मंग? कुनाचा खारा व्हता?"

"तवा तर बरा लागला व्हता."

कुशाबाईनं त्याच्याकडं पाठ फिरवली. मग ती ट्रॉलीवाल्याला म्हणाली, "हितंच झाडाखाली लाव. मी उद्या बघते." आणि पायी निघून गेली. तोडलेला ऊस उन्हात दोन दिवस राहिला तर त्याचा गूळ धरत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे कॅनॉलवर हरिबा डीपीच्या अलीकडंच थांबला. बाटल्या खाली ठेवल्या.

"गुडघा दुखतोय का?" धुरपदानं विचारलं.

"न्हाई."

"मंग चला. अंग गार पडंल."

"धुरपदे, म्या यंदा एक बी काहील चाखली न्हाई."

"मंगळवारी तुमी आनलेला गूळ मी खाल्ला व्हता," ती म्हणाली. "खारा लागला. सांगनार व्हते. पन म्हनलं, तुमी चाखूनच आनला असंल, आपल्याला काय कळतंय?"

हरिबा दर दिवशी धोतराच्या सोग्यात गुळाचा खडा बांधून आणायचा, लग्नापासूनची सवय. तो तिनं खाल्ला का, कसा लागला, हे त्यानं अडतीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"बोटभर चाखून काय झालं असतं?" ती म्हणाली. "मॅडम काय फाशी देनार व्हत्या?"

"बोटाचं भ्या न्हाई गं. म्या कवा बोटभर चाखलाय? बोट लावलं की डाव लागनार, डाव लागला की परत तो पाट. मला दोघं धरून उठवायचे, आन् हसायचे. मला परत त्या पाटावर बसायचं न्हाई."

हे तो आयुष्यात पहिल्यांदा बोलला. धुरपदाला रडू आलं, पण तिनं ते पदरानं नाक पुसण्यावर भागवलं. एक बाटली तिनं स्वतः उचलली. "त्या बाईचा ऊस वाळतोय," ती म्हणाली. "चला."

गुऱ्हाळावर पोचल्यावर हरिबा थेट पोपटरावांपुढं उभा राहिला. कुशाबाई झाडाखाली ट्रॉलीला टेकून बसली होती, बाकीचे चहा पीत होते.

"मालक, म्या यंदा चाखतच न्हाई," तो म्हणाला. "पहिल्या काहिलीपास्नं. मिशीला लावतो आन् उतरवा म्हनतो."

कोणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. पोपटरावांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"गुळव्या चाखत न्हाई, म्हंजी ठेवायचा कशाला, हरिबा?"

"ते तुमी ठरवा. आधी दोन्ही ऊस वेगळे पिळा. कुशाबाईचा बी, आन् खालच्या पट्टीचा बी."

खालच्या पट्टीचा कालच तोडलेला थोडा ऊस घाण्याशेजारी पडून होता. घाणा चालू झाला. दोन पेले भरून आले. हरिबानं पहिल्यात बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. मग दुसऱ्यात. परत पहिल्यात. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. दोन्ही रस सारखेच लागत होते, घशाशी येण्याइतके गोड, त्यामागं औषधाच्या गोळीसारखं काहीतरी कडवट. त्याच्या आड खारटपणा होता की नव्हता, त्याला सापडेना. कोणाच्या मळ्यातला, लागणीचा की खोडव्याचा, कोणत्या पाण्यावरचा, हे जी जीभ एका थेंबात सांगायची ती पोटाबरोबर पुण्यालाच राहिली होती. ज्या बोटाला तो आठ महिने भ्यायला त्याचा त्याला मोहसुद्धा पडला नाही, आणि याचंच त्याला फार वाईट वाटलं.

"मला कळंना," तो म्हणाला.

धुरपदा एव्हाना घरून हरिबाचा डबा घेऊन आली होती आणि खांबापाशी उभी होती. डबा घेऊन येणाऱ्या बायका खांबाच्या पुढं येत नसत.

"धुरपदे, हिकडं ये."

"मी?"

"ये. ह्ये दोन पेले बघ."

पेले अदलाबदल करून ठेवले होते. कोणता कोणाचा, ते तिला माहीत नव्हतं. तिनं हात पदराला पुसले. एकातला घोट घेतला, दुसऱ्यातला घेतला, आणि दुसरा पेला लगेच खाली ठेवला.

"ह्यो खारा," ती म्हणाली. "पानी साचून ऱ्हातंय त्या रानातला हाय. मंगळवारच्या गुळाला बी हीच चव व्हती."

तो पेला पोपटरावांच्या पट्टीचा होता. पोपटरावांनी तो उचलला, स्वतः घोट घेतला, चूळ भरल्यासारखा तोंडात फिरवला आणि उरलेला मातीत ओतला. त्यांचा चेहरा पडला होता, पण माणूस अगदीच वाईट नव्हता.

"बाईंचा ऊस घ्या घाण्याला," ते म्हणाले. "आधी हौद धुवा."

कुशाबाईनं उठून पहिली मोळी स्वतःच ओढली.

काहील चढली. रस आटेपर्यंत दुपार झाली. मध्ये धुरपदानं हरिबाला मुगाचं अर्धं धिरडं दिलं आणि समोर बसून त्याचे घास मोजले. मग तो उठला, हात न टेकता. बुडबुडे बारीक झाले, रंग आला. त्यानं पाण्यात थेंब सोडला, गोळी काठावर मारली. टण्ण वाजली.

पोपटरावांनी उलथणं भरलं आणि सवयीनं हरिबापुढं केलं. हरिबानं ते घेतलं. त्यानं त्यावर फुंकर मारली, लांब, सावकाश, स्वतःसाठी कधी मारली नव्हती तेवढा वेळ. गूळ निवाला तसं त्यानं उलथणं धुरपदाकडं दिलं.

तिनं चाखलं. चौघं फडकी गुंडाळून तिच्याकडं बघत होते. ती नवऱ्याकडं बघायला लागली.

"माझ्याकडं काय बघतीस? त्यांना सांग," हरिबा म्हणाला.

"उतरवा," धुरपदा म्हणाली.

काहील उतरली. पिवळा गूळ सळसळत गार करायच्या वाफ्यात पसरला आणि त्याचा वास चुलाणापासून झाडाखालच्या ट्रॉलीपर्यंत गेला. धुरपदानं उन्हाकडं पाहिलं.

"अर्धा तास झाला," ती म्हणाली. "आता पानी प्या."

हरिबानं तांब्या घेतला. गूळ गोठेपर्यंत तो वाफ्याच्या काठाशी उभा राहून एकेक घोट पाणी पीत होता.