स्वतःच्या फातिह्याला

कौकबबीबी सरहद्दीपलीकडच्या मशहदहून मूत्रपिंडातला खडा काढून हेरातला परतल्या, तेव्हा त्यांच्या घरी त्यांचाच फातिहा चालला होता.

चूक मशहदच्या इस्पितळाची. तिथे कौकब नावाच्या दोन बायका होत्या, दोघी हेरातच्या. एक गेली आणि निरोप दुसरीच्या घरी आला. तिकडे कामाला असलेल्या थोरल्या मुलाने खरं काय ते कळवायला फोन लावला, पण गल्लीतला एकुलता एक फोन ज्या दुकानात होता, तिथे रेडिओवर गाणं लागलेलं सापडलं आणि नीतीखात्याच्या माणसांनी दुकानाला कुलूप घातलं.

दारात बायकांच्या चपलांचा ढीग होता. त्या काळी एका दारात एवढ्या चपला मरणालाच दिसत; लग्नं लोक गुपचूप उरकत. बीबींनी बुरखा तसाच ठेवला आणि कोण गेलं ते कळेपर्यंत दाराशी टेकल्या.

"कौकबबीबीसारखी बाई होणे नाही," शेजारची गुलअंदाम डोळे पुसत म्हणाली. "जन्नत मिळो तिला. शेवयांचा आश मात्र खारट करायची."

"खारट नसायचा," बुरख्यातून आवाज आला.

"तुम्ही कोण गं बाई?"

बीबींनी बुरखा पुढे ओढला. "दूरची बहीण," त्या म्हणाल्या.

"मग तुम्हाला काय ठाऊक? मी तीस वर्षं खाल्लाय."

चहा घेऊन सून आली, सीमीन. पेल्यासाठी पुढे झालेल्या हाताचा वाकडा अंगठा तिने पाहिला आणि तबक तिथेच ठेवून त्या हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तिथे ती आधी रडली, मग हसली, मग दार लावून पुन्हा रडली.

"पुरे," बीबी म्हणाल्या. "बाहेर जाऊन सांग, म्हातारी जिवंत आहे म्हणून."

"बीबीजान, एक विचारू? रागावणार नाही ना? चाळिसाव्या दिवसापर्यंत मेलेल्याच राहाल?"

सीमीन मुलींच्या शाळेत शिकवायची. शाळेला कुलूप लागलं, घरात चार बायका जमल्या तरी दारावर काठी पडू लागली. पण मयताच्या घरी कुराणपठणाला चाळिसाव्यापर्यंत बायका जमतात, ते नीतीखात्यालाही मोडवेना. गस्तीच्या करीमदादने तशी परवानगी दिली होती. बायका आपापल्या मुली घेऊन आल्या. काल मागच्या खोलीत सीमीनने त्यांना हृदयाचे कप्पे शिकवले होते.

"माझ्या मयताला?"

"तुमच्याच कृपेने, बीबीजान."

बीबींनी विचार केला. "चाळिसावा झाला की मी परत येणार. खबर खोटी निघाली म्हणून गल्लीभर मिठाई वाटायची. ईदला मी लोडाला टेकून बसणार आणि सगळ्यांनी येऊन माझा हात चुंबायचा. त्या गुलअंदामने सगळ्यात आधी."

सीमीनने कबूल केलं.

तेव्हापासून दूरची बहीण बुरखा न काढता दोन खोल्यांच्या मधल्या दारात बसू लागली. पुढच्या खोलीत बायका त्यांच्यासाठी कुराण वाचत आणि मधूनमधून त्यांच्या आठवणी काढत. तिथे कौकबबीबी दिवसेंदिवस अधिक सज्जन होत गेल्या. मागच्या खोलीत मुली हलक्या आवाजात फुप्फुसं, जठर, यकृत असं शिकत पुढे सरकत होत्या.

त्यांतल्या बनफ्शाला डॉक्टर व्हायचं होतं.

"डॉक्टर!" बीबी म्हणाल्या. "इथे घराबाहेर पाऊल टाकता येईना, आणि ही निघाली डॉक्टर व्हायला."

पण मशहदची गोष्ट त्यांनी तिलाच सांगितली. इथला डॉक्टर पडद्याआडून विचारायचा, मुलगा उत्तर द्यायचा, आणि औषध डोकेदुखीचं मिळायचं. तिकडे एक बाई डॉक्टर आली, थंड हातांनी पाठ चाचपली आणि म्हणाली, इथे दुखतं ना? कौकबबीबींना साठ वर्षांत कोणी हे विचारलं नव्हतं.

"मग?" बनफ्शाने विचारलं.

"मग काय? दुखत होतं, म्हणून सांगितलं."

चाळिसावा उजाडला. हलवा झाला. उद्यासाठी बीबींनी हिरवा रेशमी झगा पेटीतून काढून ठेवला. दुपारी करीमदाद आला. बायकांच्या घरात शिरायचं नाही म्हणून पडद्याबाहेरूनच बोलला, "आज संपलं. उद्यापासून इथे बायका जमलेल्या दिसता कामा नये."

मागच्या खोलीतला आवाज थांबला. सीमीन खाली बघत होती. बीबींनी नुसतं गप्प बसायचं होतं. उद्या सकाळी त्या जिवंत होणार होत्या.

"बेटा," त्या म्हणाल्या, "तुला आई आहे?"

"गेली."

"चाळीस दिवसांत विसरलास?"

"मी विसरलो नाही."

"आमच्या घरातही आईचं दुःख वर्षभर पाळतात. दोन्ही ईद दुखवट्यात."

"मावशी, नियम आहे."

"नियम करणाऱ्यांच्या आया जिवंत असतील. तू तरी समजून घे."

करीमदादने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मयत तुमची कोण?"

"जवळचीच."

"वर्षाच्या फातिह्यापर्यंत," तो शेवटी म्हणाला. "पण रडण्याचा आवाज रस्त्यावर यायला नको."

"नाही येणार. आमच्याकडे मनातल्या मनात रडतात."

त्याची पावलं गल्लीच्या टोकाला गेल्यावर सीमीन पुढे होऊन कुजबुजली, "बीबीजान, पण ईद? लोड?"

"गुलअंदामचे ओठ माझ्या हाताला लागायचे राहिले, एवढंच." बीबींनी हिरवा झगा उचलला, घडी मोडू न देता पेटीच्या तळाशी ठेवला. "त्या पोराला हलवा पाठव. आई नाही त्याला."

मग त्या मधल्या दारात जाऊन बसल्या आणि मागे वळून बघितलं. मुली त्यांच्याकडेच बघत होत्या.

"थांबलात काय?" त्या म्हणाल्या. "वर्षच तर मिळालंय. वेळ कुठे आहे?"