कोरडा पुठ्ठा

माझ्या नवऱ्याला भाऊ नाही, तरी मला दीर आहे. तो बागेच्या शेडमध्ये राहतो, चोवीस हॉर्सपॉवरचा आहे आणि डिझेल पितो. सासरे, म्हणजे आमचे बाबा, त्या छोट्या ट्रॅक्टरला 'धाकटा' म्हणतात. थोरला म्हणजे माझा नवरा. तो कॉलेजात गणित शिकवतो आणि बोटाला ग्रीस लागलं तर तीन वेळा साबण लावतो. त्यामुळे बाबांचा जीव दोघांतल्या कोणावर जास्त, हे वेगळं सांगायला नको.

धाकटा लहान आहे म्हणूनच आमच्या कामाचा. लिंबाच्या दोन ओळींमधून मोठा ट्रॅक्टर जात नाही, हा एकाही फांदीला धक्का न लावता जातो. मी बारा वर्षं एका कचेरीत काचेच्या खिडकीमागे बसून अर्जांवर शिक्के मारले. तीन वर्षांपूर्वी ते सोडलं आणि बाग हातात घेतली. घरातल्यांना वाटलं, चार दिवसांची हौस आहे. मी मात्र सकाळी सातला धाकट्यावर बसते तेव्हा मला कोणी 'जरा थांबा' म्हणत नाही आणि मलाही कोणाला म्हणावं लागत नाही. हे सुख ज्याला खिडकी माहीत आहे त्यालाच कळेल.

तर या धाकट्याला बाबा विकायला निघाले होते.

कारण म्हणजे तेल. वर्षभरापासून इंजिनाखाली काळे थेंब पडायला लागले. आधी रुपयाएवढे, मग बशीएवढे. दर आठवड्याला अर्धा लिटर तेल वरून ओतायचं आणि खाली पुठ्ठा बदलायचा. बाबा बस डेपोत पस्तीस वर्षं फिटर होते. त्यांनी एकदा वाकून पाहिलं, बोट फिरवलं, वास घेतला आणि निकाल दिला, "तेल अडवणारं मागचं सील गेलं. इंजिन थकलं बिचारं. आता उघडायचं म्हणजे अर्धा ट्रॅक्टर सोडवायचा. हातीपायी धड आहे तोवर चांगल्या घरी देऊ."

ही भाषा ऐकून कोणाला वाटावं, मुलीचं लग्न ठरवताहेत. स्थळही आलं. पलीकडच्या रस्त्यावरचे नर्सरीवाले रविवारी चार वाजता बघायला येणार होते. धाकटा गेला की बाग कसायला दुसऱ्याला द्यायची, हेही बाप-लेकांनी ठरवून टाकलं होतं. माझं काय, ते कोणी ठरवलं नव्हतं. म्हणजे खिडकी.

शनिवारी जेवताना माझा तोल गेला.

"मागचं तेल बदलल्यापासून इंजिन दोनशे तास चाललंय," मी म्हटलं. "सर्व्हिसिंग न करता देणार का?"

बाबांचा घास हातातच राहिला. त्यांच्या डेपोतून कधी मळक्या तेलाची गाडी बाहेर पडली नव्हती. पण त्यांचा गुडघा आता जमिनीवर टेकत नाही, आणि हे कबूल करणं त्यांच्या जिवावर येतं.

"मी करते," मी म्हटलं. "उद्या सकाळी. आणि चार वाजता पुठ्ठा कोरडा असला तर विकायचा नाही."

बाबा हसले. "सील गेलंय. तेल बदलून सील येतं होय?"

"मग कबूल करायला काय हरकत आहे?"

"कबूल," बाबा म्हणाले. "मी समोर खुर्चीवर बसेन. पण चकार शब्द काढणार नाही. शिकायचं तर हाताने शीक."

आजवर त्यांनी धाकट्याच्या नटाला दुसऱ्याचा पाना लागू दिला नव्हता. सर्व्हिसिंग म्हणजे त्यांचं एकट्याचं काम, तेही शेडचं दार अर्धं ओढून. मी त्या अर्ध्या दारातून तीन वर्षं बघत होते. माहितीपुस्तक तर इतकं वाचलं होतं की पानं सुटली.

रविवारी सकाळी मी नवऱ्याची जुनी पँट चढवली, दहा मिनिटं इंजिन चालवून तेल कोमट केलं, टब सरकवला आणि खाली शिरले. ड्रेन नट शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवावा आणि हात झटकन मागे घ्यावा, हे मला माहीत होतं. झटकन म्हणजे किती झटकन, ते माहीत नव्हतं. कोपरापर्यंत काळी झाले. खुर्चीवरून खोकल्याचा आवाज आला.

"हे बोलण्यात धरणार," मी खालून ओरडले.

खोकला थांबला.

तेल निथळलं. नटाला नवा वॉशर घालून तो बसवला आणि मी ऑइल फिल्टरकडे वळले. तो इंजिनाच्या बगलेत, बाबांना माझी पाठ दिसेल अशा जागी. पट्ट्याच्या पान्याने जोर लावला, फिल्टर कुरकुरला आणि सुटला. त्याच्या तोंडावरची रबरी रिंग जागच्या जागी होती. छान. जिथे फिल्टर बसतो ती इंजिनावरची जागा मी फडक्याने पुसायला घेतली आणि बोट कशाला तरी अडलं.

नखाने उचकटलं. आणखी एक रिंग निघाली. काळी, चपटी, वाळून टणक झालेली.

फिल्टरला रिंग एकच असते. माझ्या हातात दोन होत्या.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. म्हणजे मागच्या सर्व्हिसिंगला त्याआधीच्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली, ती कोणाला दिसली नाही, आणि तिच्यावरच नवा फिल्टर आवळला गेला. रबरावर रबर नीट बसत नाही. त्या फटीतून वर्षभर तेल झिरपत होतं आणि ओघळून मागे जात होतं. सील ठणठणीत होतं. इंजिनही ठणठणीत होतं. आणि मागच्या सर्व्हिसिंगला शेडमध्ये एकच माणूस होता.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पण वळून पाहिलं तर बाबा खुर्चीच्या काठावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, डोळे बारीक करून. त्यांना माझ्या हातातलं काही दिसत नव्हतं. पस्तीस वर्षं बसच्या इंजिनात हात घातलेल्या माणसाला मी काय सांगू? रिंग मी खिशात टाकली.

नव्या फिल्टरच्या रिंगला तेलाचं बोट लावलं, हाताने आवळला, वर पाऊण फेरा दिला. नवं तेल ओतलं, डिपस्टिकवर दोन खुणांच्या मध्ये आणलं. एअर क्लीनर झटकला. हायड्रॉलिकच्या तेलाचा फिल्टर बदलला, पातळी बघितली. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या, बाबांकडे पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यांचं तोंड इतका वेळ बंद मी पहिल्यांदा बघतेय. दुखतंय का कुठे?"

बाबांनी फक्त कप घेतला.

राहिला डिझेलचा फिल्टर. तो बदलताना टाकीखालची डिझेलची तोटी बंद करायची असते, ती केली. नवा बसवला, चावी फिरवली, धाकटा पहिल्या फटक्यात सुरू झाला. मी कमरेवर हात ठेवून बाबांकडे पाहिलं. त्यांचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा हलायला लागला होता. अर्ध्या मिनिटात धाकट्याने दोन आचके दिले आणि बंद पडला.

पुन्हा चावी. नाही. पुन्हा. नाही. मी वायरी बघितल्या, बॅटरी बघितली. बाबांनी चहाचा रिकामा कप तोंडाला लावून धरला होता, शब्द निसटू नये म्हणून असावा. नवरा दारात येऊन म्हणाला, "डिझेल येतंय का पण?"

गणिताचा माणूस! मी कपाळावर हात मारून घेतला, म्हणजे कपाळही काळं. तोटी उघडलीच नव्हती. उघडली, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून आत अडकलेली हवा काढली, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागल्यावर आवळला. धाकटा सुरू झाला आणि यावेळी राहिला. बाबांनी कप खाली ठेवला आणि इतका मोठा श्वास सोडला की मला बोलल्यासारखंच वाटलं.

फ्रिजच्या खोक्याचा स्वच्छ पुठ्ठा खाली सरकवला. मी बागेत चार फेऱ्या मारून आले, धाकटा पुन्हा पुठ्ठ्यावर आणून लावला, तासभर चालू ठेवला. चार वाजता नर्सरीवाले टोपी हलवत आले. मी पुठ्ठा ओढून बाहेर काढला आणि उन्हात धरला. एक थेंब नव्हता.

"कोरडा," मी म्हटलं.

नर्सरीवाले म्हणाले, "अरे वा, गळत नाही की. मग विकताय कशाला?"

माझा जीव भांड्यात पडणार, तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी पुठ्ठ्यावर तळहात फिरवला, बोटं हुंगली. चेहरा मात्र खुलला नाही.

"सील आपोआप बरं होत नाही," ते म्हणाले. "काहीतरी आत दबलंय, नव्या तेलाने आज धरलंय. उद्या सुटेल. कारण कळल्याशिवाय गळती थांबली असं मी मानत नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "तू मन लावून केलंस. शब्द दिला होता, तो पाळायचा तर पाळतो. पण तुला असल्या भरवशावर बागेत पाठवू? मध्येच इंजिन जाम झालं तर? मला झोप नाही लागायची."

म्हणजे माझी गप्प राहायची पहिलीच खेप, तीही फुकट गेली. सांगितलं नाही तर माणूस जन्मभर त्या इंजिनाकडे संशयाने बघणार, आणि मला दर फेरीला सांभाळून जा म्हणणार. मी त्यांना दोन पावलं बाजूला घेतलं आणि खिशातली रिंग त्यांच्या तळहातावर ठेवली.

"इंजिनाला चिकटली होती," मी म्हटलं. "फिल्टरची स्वतःची रिंग हिच्यावर बसली होती."

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली नाही. अंगठ्याने एकदा गोल फिरवली, आणि त्यांना सगळं कळलं. चहाचं विचारायला आलेल्या सासूबाईही जवळ आल्या. बाबांचे कान लाल झाले.

मग ते हसले. आधी नाकातून, मग पोट धरून. "याच चुकीसाठी," त्यांना बोलवेना, "याच चुकीसाठी मी डेपोत एका फिटरला आठवडाभर गाड्या धुवायला लावल्या होत्या!"

ते सरळ नर्सरीवाल्यांसमोर गेले आणि रिंग त्यांच्यापुढे धरून खणखणीत आवाजात म्हणाले, "दोन रिंगा लावल्या होत्या. मी. दिसलंच नाही मला. इंजिन थकलेलं नाही, चष्म्याचा नंबर वाढलाय. आणि चष्मा बदलता येतो हो! वर्षभर मी याच्याकडे बघून उदास होत होतो. तुम्ही चहा घ्या आणि जा, धाकटा द्यायचा नाही."

नर्सरीवाले बिचारे चहाला हो म्हणाले. सासूबाई डोळे पुसत आत पळाल्या. मी तिथेच उभी, कोपरापर्यंत काळी, आणि बाबा आता माझ्यावर घसरले.

"आणि तू! सकाळी सापडलं आणि खिशात घातलंस? माझा मान राखायला? इंजिनापुढे कसला आलाय मान? पुढच्या वेळी माझी चूक दिसली की तिथल्या तिथे ओरडायचं. फिल्टर सुटला की आधी रिंगा मोजायच्या, मग पुसायचं, आणि डिझेलची तोटी..."

ते बराच वेळ रागावत होते. मला त्यातलं फारसं ऐकू आलं नाही. मी 'पुढच्या वेळी'पाशीच थांबले होते.